शेवटचा जोड

नंबरकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत अशी त्यांच्याबद्दल तक्रार आहे, आणि ती खरी आहे. ते पायाकडे बघून बोलतात. उभी हयात बुटांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक आत शिरलं की तोंड वर राहतं आणि पाय पुढे येतो, तेव्हा ओळख कुणाची आधी होणार? त्यामुळे काकांच्या जगात नावं नाहीत, नंबर आहेत. दुकानाचा मालक म्हणजे दहा नंबर. समोरचा औषधवाला सात नंबर, पण स्वतःला आठ समजतो. धाकटा मेव्हणा नऊ नंबर, सपाट पाऊल, आणि काकांच्या मते डोकंही तसंच. काकू त्यांना पहिल्यांदा भेटल्या त्याही दुकानातच, पाच नंबर, पंजा रुंद. पायावरून नजर वर न्यायला आपल्याला बराच वेळ लागला आणि तोवर उशीर झाला होता, असं काका सांगतात. उशीर मला झाला होता, असं काकू सांगतात.

विकण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चावणाऱ्या बुटाबद्दल ते म्हणत, "चामडं आहे, पायाचा आकार घेतं." ढगळ बुटाबद्दल म्हणत, "पायाला श्वास घ्यायला जागा नको का?" आणि गिऱ्हाईक "बरं, परत येतो" असं म्हणत दाराकडे वळलं, की काका खोक्याचं झाकण हळूच लावत, उसासा टाकत आणि म्हणत, "या. पण शेवटचा जोड आहे." पडद्याआड त्याच बुटांची चवड छताला टेकलेली असे. गिऱ्हाईक मात्र उंबऱ्यावरून मागे फिरत असे, अगदी न चुकता.

पण देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो आणि घेतो तेव्हाही काही मागे ठेवत नाही. सगळ्या जगाला माल विकणाऱ्या या माणसाला स्वतःला काही म्हणजे काही विकत घेता येईना. चोराच्या मनात चांदणं! समोरचा विक्रेता हसला, तर काकांना वाटे, हे हसू मी ओळखतो. नाही हसला तर वाटे, हा माझ्याहून मुरलेला आहे. घरातली छत्री घ्यायला त्यांना दोन पावसाळे लागले, आणि दुसऱ्यात ती आणली ती मेव्हण्याने. "आधी दाखवा, मग बोला," हे त्यांचं जगाला एकच सांगणं होतं. दाखवलं तरी ते घेत नसत, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसावर दुर्बीण निवडायची पाळी आली, आणि तीही घाईने. त्याचं कारण सांगताना काका अजूनही खाली बघतात, आणि या वेळी कुणाचे पाय बघायला नव्हे.

झालं असं की रस्त्यापलीकडच्या जुन्या झाडाच्या ढोलीत हुदहुदाच्या जोडीने घर केलं होतं. काकूंना पाखरांचं आणि किड्यामुंग्यांचं वेड. मागच्या वर्षीही याच ढोलीत पिल्लं झाली होती. काकूंनी त्यांची रोज वाट पाहिली, आणि जेमतेम अर्ध्या तासासाठी त्या दळणाला गेल्या तेवढ्यात ती उडून गेली. तेव्हापासून त्यांनी वर्ष मोजत काढलं होतं. यंदा ढोलीतून चोची दिसायला लागल्यावर त्या नीट दिसण्यासाठी स्टुलावर चढल्या, आणि स्टुलावरून ज्या वेगाने खाली आल्या त्याची साक्ष म्हणून गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. स्टूल शाबूत होतं. घसरली होती पायातली सपात. ती काकांनीच दुकानातून आणली होती आणि घरातल्या घरात, सवयीने, बायकोलासुद्धा सांगितलं होतं, "अजिबात घसरत नाहीत. ओल्या फरशीवर नाच."

आता काकूंचा पलंग खिडकीशी सरकवला होता. चष्मा लावूनही त्यांना ढोलीच्या जागी नुसता एक काळा ठिपका दिसे आणि त्यात एक तपकिरी ठिपका येई-जाई. खिडकीच्या चौकटीवर, पलंगाच्या पायथ्याकडे, उशीपासून पाच हातांवर, एक कुंभारीण माशी चिखलाचं इवलंसं मडकं घडवत होती. तीही त्यांना धूसर दिसे. मग काकांना खिडकीत उभं करून त्या विचारत,

"काय करतोय तो हुदहुद?"

"आलाय," काका डोळे बारीक करून सांगत. "बांधणी मजबूत आहे. वरून तपकिरी, खाली काळे-पांढरे पट्टे. रंग जाणारे वाटत नाहीत. डोक्यावर तुरा दिलेला आहे."

"दिलेला आहे म्हणजे? कारखान्यातून आलाय का तो?"

"आणि शिवण कुठे दिसत नाही."

काकूंनी उशी फेकली. नेम चांगला होता.

"मला तुमच्या तोंडून पाखरू नकोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर भरवसा ठेवला म्हणून तर मी अशी पडलेय. मला दुर्बीण आणून द्या. फार भारी नको, पण खेळणंही नको. लांबचं झाड दिसायला पाहिजे आणि ही जवळची माशीही. पिल्लं आता तोंड बाहेर काढतायत, चार दिवसांत उडतील. यंदाही माझं चुकलं ना, तर..." काकू बोलत राहिल्या तर काकांना काही वाटत नसे, सवय होती. त्या मधेच थांबल्या, तेव्हा काकांनी पाकीट काढून पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका बाजारात गेले. पहिल्या दुकानदाराने सांगितलं, "काका, पन्नास पट! चंद्रावरचे खड्डे मोजा!" काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली. समोरच्या इमारतीला भूकंप झाला होता आणि तिच्या कडांना जांभळी-हिरवी झालर लागली होती. "हे हलतंय," काका म्हणाले. दुकानदार म्हणाला, "वापरून वापरून स्थिर होईल." काकांनी दुर्बीण खाली ठेवली आणि त्याच्याकडे आदराने पाहिलं. 'वापरून सैल होईल' या आपल्या वाक्याचा हा सख्खा भाऊ होता.

दुसरं दुकान इतकं उंची होतं की तिथे माल मखमलीवर निजवलेला होता आणि विक्रेत्याच्या हातात पांढरे मोजे होते. त्या दुर्बिणीतून दिसणारा कावळा सुद्धा श्रीमंत दिसत होता. किंमत ऐकून काकांनी विचारलं, "यात कावळा येतो का?" आणि बाहेर पडले.

तिसरं दुकान एका गल्लीत होतं, घड्याळ दुरुस्तीच्या शेजारी. आत एक बाई विणत बसल्या होत्या. काका आत आले तरी त्यांनी टाके मोजायचं थांबवलं नाही. काकांनी सवयीने टेबलाखाली पाहिलं. चार नंबर, पण खंबीर.

"ती दाखवा," काकांनी कपाटातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीकडे बोट केलं.

"कशासाठी पाहिजे?"

"पाखरं आणि किडे."

"मग ती नका घेऊ," बाई म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

काका हबकले. विकणारा माणूस 'नका घेऊ' म्हणतो! ही युक्ती त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ते सावध झाले आणि स्टूल ओढून बसले.

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि एक मध्यम आकाराची, हिरव्या रबराची दुर्बीण पुढे ठेवली. "ही घ्या बघायला. आठ बाय बेचाळीस."

काकांचा चेहरा खुलला. दुर्बिणींच्या या अवघड जगात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. बुटांत आठ नंबर म्हणजे परदेशी मापाने बेचाळीसच, हे तर दुकानात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"आठ-बेचाळीस तिला मोठी होईल," ते ठामपणे म्हणाले. "बायकोसाठी पाहिजे. पाच-अडतीस दाखवा. पंजा रुंद आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग रुंद तेवढा उजेड जास्त, सावलीतलं पाखरूही उजळ दिसतं. "दहापट, बारापट घ्याल तर हात थरथरला की पाखरूही तेवढंच थरथरतं. पलंगावर पडून बघणार ना त्या? मग आठ पुष्कळ. चष्मा आहे? मग या डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली वळवायच्या, चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं. आणि तुम्हाला किडेही बघायचेत, म्हणजे ही एकच बरी. बाकीच्यांना चार-पाच मीटरच्या आतलं धूसर दिसतं. ही दोन मीटरवरची मुंगीही दाखवते."

"पाण्यात?"

"पावसात चालेल. आत पाणी जात नाही, धुकं धरत नाही."

"घालून बघू?" असं म्हणत काकांनी पट्टा गळ्यात अडकवला आणि दुकानात चार पावलं चालून पाहिली. मग आरसा शोधला. बुटांच्या दुकानात तो जमिनीलगत असतो, म्हणून त्यांनी वाकून टेबलाखालीही पाहिलं. "नाकाला जरा लागतेय. वापरून सैल होईल ना?"

"नाही. आज जशी आहे तशीच दहा वर्षांनी असेल. नाकाला लागत असेल तर मधून अशी मिटून दोन डोळ्यांचं अंतर जुळवायचं. बघा आता."

काका पायरीवर आले आणि मधलं चाक फिरवलं. पलीकडच्या तारेवर एक चिमणी बसली होती. ती चिमणी अशी काही समोर आली की काका मागे सरकले. तिच्या पिसांच्या कडा दिसत होत्या. तिने डोळा मिचकावला तेही दिसलं. मग त्यांनी दुर्बीण पायरीपुढच्या फरशीवर रोखली. एक मुंगी साखरेचा कण ओढत होती, आणि तिचे सहाच्या सहा पाय वेगवेगळे मोजता येत होते. काका भान हरपून मुंगीचे पाय बघत राहिले. इतका छोटा नंबर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

वस्तू चांगली होती, किंमत खिशाला झेपणारी होती, बाई खरं बोलत होत्या. कुणीही शहाण्या माणसाने पैसे मोजले असते. पण काका आत आले, दुर्बीण टेबलावर ठेवली आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, जे ऐकून त्यांनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांचा मनातल्या मनात उद्धार केला होता.

"बरं, परत येतो."

आता ही बाई उसासा टाकेल, 'शेवटचीच आहे' म्हणेल, मग हिचं खरं रूप कळेल, असा त्यांचा होरा होता. बाई म्हणाल्या, "या," आणि सुया उचलल्या. काका गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मागून हाक आली नाही. घड्याळवाल्याकडे उगाच वेळ विचारला. तरी हाक नाही. मग मात्र त्यांना पटलं की या बाईला खरंच विकता येत नाही, आणि जिला विकता येत नाही तिच्याकडून घ्यायला हरकत नाही.

ते परत दुकानात शिरले तेव्हा तिथे दुसरं गिऱ्हाईक होतं. साठीची, धिप्पाड, मोठ्या आवाजाची एक बाई. सहा नंबर, उजव्या बुटाचा सोल डाव्यापेक्षा जास्त झिजलेला, म्हणजे आयुष्य गाडीचे ब्रेक दाबण्यात गेलं असणार. तिच्या हातात तीच हिरवी दुर्बीण होती. विणणाऱ्या बाई फोन घ्यायला आतल्या खोलीत गेल्या होत्या.

"काय करावं कळत नाही बाई," ती बाई स्वतःशीच म्हणाली. "तळ्यावरचे चतुर बघायला पाहिजे होती. बरी वाटतेय. पण राहू दे. परत येईन." आणि ती दाराकडे वळली.

आता खरं सांगायचं तर या क्षणी काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. मूल सुद्धा ते करू शकतं. पण म्हातारा घोडा रणशिंग ऐकतो तेव्हा आपण निवृत्त आहोत की नाही, याचा विचार करत नाही. 'परत येईन' हे शब्द कानावर पडले, गिऱ्हाइकाची पाठ दिसली, आणि काकांची मान आपोआप एका बाजूला कलली.

"या ताई," ते उसासा टाकून म्हणाले. "घाई कुणी करू नये. फक्त चतुराचे पंख यातून कसे दिसतात ते एकदा बघून गेला असतात, तर बरं झालं असतं. जाळी दिसते, जाळी! नसन् नस. आणि वजन? पट्टा गळ्यात पडला की कळतसुद्धा नाही. दहा वर्षं हलणार नाही. आज सोडलीत तर उद्या रुखरुख लागेल, मी सांगतो. पण तुमची मर्जी." इथे त्यांनी दुर्बिणीच्या खोक्याचं झाकण हळूच लावलं. "शेवटचा जोड आहे."

बाई उंबऱ्यावरून मागे फिरल्या. नेहमीसारख्याच, न चुकता. तेवढ्यात विणणाऱ्या बाई बाहेर आल्या, पैसे घेतले, पावती फाडली, आणि सहा नंबरच्या बाई दुर्बीण गळ्यात घालून निघूनही गेल्या. काका विजयी मुद्रेने हात चोळत उभे होते.

"छान," ते म्हणाले. "आता माझीही एक काढा."

"आता कुठली?" विणणाऱ्या बाई म्हणाल्या. "शेवटचीच होती. पुढचा माल महिन्याने."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की या दुकानाला पडदाच नव्हता.

ते धावले. त्या वयात माणसाने धावू नये, पण चांगल्या सोलाचा उपयोग अशाच वेळी होतो. सहा नंबर बसथांब्याच्या बाकावर बसून एका कबुतराला न्याहाळत होत्या. काका धापा टाकत शेजारी बसले.

"ताई, मी काय म्हणतो, ही फार जड आहे हो. मान दुखेल."

"पट्टा गळ्यात पडला की कळतसुद्धा नाही," बाई दुर्बीण न काढता म्हणाल्या.

"हिरवा रंग लवकर विटतो."

"दहा वर्षं हलणार नाही."

"आणखी चार दुकानं तरी बघायची होतीत."

"आज सोडली असती तर उद्या रुखरुख लागली असती," बाई म्हणाल्या आणि दुर्बीण खाली केली. "हे तुमचंच सांगणं ना, भाऊ?"

काकांनी हरल्यासारखं आपल्या बुटांकडे पाहिलं. विकलेला माल परत घ्यायची कला कुणी शिकवत नाही. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून ते खरं बोलले. सवय नव्हती, त्यामुळे वाक्यं मागेपुढे झाली. आधी प्लास्टर आलं, मग पिल्लं, मग स्टूल, आणि सगळ्यात शेवटी, अगदी खालच्या आवाजात, सपाता. "चार दिवसांत उडतील हो ती. मागच्या वर्षीही तिचं चुकलं होतं. आणि यंदा चुकलं तर ते माझ्यामुळे," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हेही विकताय का?"

"नाही हो!"

"छान विकताय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मघाशी दुर्बिणीच्या वेळीही आलंच होतं." त्या उठल्या. "मी जन्मभर बस चालवली. रस्त्यात हात करणारा प्रत्येक जण सांगतो की बायको आजारी आहे. तेव्हा आधी दाखवा, मग बोला."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून काकांना पहिल्यांदा कळलं की ते किती झोंबतं.

काका दार उघडत होते, तेव्हा कुलपाचा आवाज ऐकून काकूंनी आतून हाक मारली, "आणलीत?"

"आणली," काका म्हणाले.

"कुठंय?"

"यांच्या गळ्यात आहे."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, त्या धिप्पाड बाईकडे पाहिलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेली असल्यामुळे एकही प्रश्न न विचारता म्हणाल्या, "बसा ताई. यांनी काय केलं ते तुम्हीच सांगा, म्हणजे खरं कळेल."

बसवाल्या ताईंनी सांगितलं. काकू इतक्या हसल्या की प्लास्टर पलंगाच्या कडेवर आपटलं. हसता हसता त्या म्हणाल्या, "आणि शेवटचीच निघाली?" ताई म्हणाल्या, "शेवटचीच!" आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या. काका कोपऱ्यात उभे राहून आपली बदनामी ऐकत होते, आणि इतक्या दिवसांनी बायको हसली म्हणून त्यांना मनापासून बरंही वाटत होतं.

मग ताईंनी पट्टा आपल्या गळ्यातून काढला आणि काकूंच्या गळ्यात घातला. रबरी वाट्या खाली वळवल्या, दोन डोळ्यांचं अंतर जुळवून दिलं, चाक कुठलं ते दाखवलं. काकूंनी दुर्बीण ढोलीकडे रोखली.

"अगंबाई," काकू इतक्या हळू म्हणाल्या की काका पुढे झाले. "चार आहेत. तुरे फुटलेत त्यांना. एक जांभई देतोय." आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला आणि पुन्हा बघायला लागल्या.

ताई जायला उठल्या तेव्हा दुर्बीण काकूंच्याच गळ्यात होती. "पिल्लं उडेपर्यंत राहू दे वहिनी," त्या म्हणाल्या. "पण मी रोज येणार. ढोली तुमची, दुर्बीण माझी, आणि चहा यांचा."

त्याप्रमाणे सगळं रीतसर सुरू झालं. ताई सकाळी वेळेवर येत, जन्मभराची सवय. दोघी आळीपाळीने बघत. हुदहुदाने अळी आणली, कुणाला भरवली, कोण आडदांड, कोण भित्रा, याची चर्चा चाले. मधेच दुर्बीण चौकटीकडे वळे आणि कुंभारीण माशीची कंबर किती बारीक यावर दोघी हळहळत. काका कामावर जायच्या आधी चहा करत, आणि "जरा मला..." असं म्हणत हात पुढे केला की दोघींपैकी एक म्हणे, "थांबा हो, आता हलवू नका, ऐन वेळ आहे." ऐन वेळ सकाळभर असे. काकांनी अजून ढोलीत एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. ताई आल्या तेव्हाच एक पिल्लू ढोलीच्या काठावर बसलं होतं. बघता बघता ते उडालं. मग दुसरंही. काका स्वयंपाकघरात होते, दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि खोलीतून काकूंचा आवाज आला.

"अहो, या लवकर! दोनच राहिलीत. शेवटचा जोड आहे!"

काकांच्या हातात गाळणं होतं. 'शेवटचा जोड' हे शब्द कानात शिरले आणि त्यांच्या ओठांवर मंद हसू आलं. शेवटचा जोड! त्यांना कोण फसवतंय? हे वाक्य कुठून येतं आणि पडद्याआड किती माल असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

"हो हो, आलो," ते म्हणाले, "असतील अजून आत," आणि त्यांनी सावकाश तीन कप भरले, साखर ढवळली, कपांचे कान एका दिशेला केले.

ते ट्रे घेऊन खोलीत आले. काकूंनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि त्यांच्या हातात दिली. काकांनी ती डोळ्यांना लावली, चाक फिरवलं. चित्र अगदी स्वच्छ आलं. झाडाच्या सालीची रेघ न् रेघ दिसत होती. मधोमध ढोली होती, आणि ती रिकामी होती.

"गेली?"

"गेली," काकू म्हणाल्या.

काका तसेच रिकाम्या ढोलीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते खाली बसले, पलंगाच्या कडेवर, प्लास्टरशेजारी. ताई आपला कप उचलून शहाणपणाने गॅलरीत गेल्या.

"मला वाटलं, आत अजून असतील," काका म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काकांचा हात धरला आणि सांगायला लागल्या. तिसरं कसं मागेपुढे करत होतं, चौथ्याने त्याला कशी ढुशी दिली, दोघं एकदम कशी बाहेर पडली, तुरा कसा पंख्यासारखा उघडला, वाऱ्यात कशी खालीवर झाली. काका डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते 'आधी दाखवा' असं म्हणाले नाहीत. त्यांना शब्दन् शब्द पटत होता.

"घसरलं नाही ना कुणी?" त्यांनी विचारलं.

"शेवटचं जरा घसरलं. फांदीवर उतरताना. मग सावरलं."

काकांनी मान हलवली. मग काकू म्हणाल्या, "पाय बघून ठेवलेत मी, तुमच्यासाठी."

काकांनी डोळे उघडले.

"आखूड आहेत अगदी. पुढे तीन बोटं, मागे एक. पण पकड घट्ट," काकू म्हणाल्या. "आणि पंजा रुंद."